परकीय भाषेतील नियम स्वतः शोधावेत की आधी वाचून घ्यावेत?

आपण मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे. गेले सहा महिने आपण स्वतःच्या प्रयत्नाने जर्मन शिकत आहात. लहान मूल व्याकरण न वाचता भाषा शिकते, तेव्हा आपणही नियम वाचायचे नाहीत, ते भाषेतूनच शोधून काढायचे, असे ठरवून आपण व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवले आणि सोप्या गोष्टी, ध्वनिफिती व चित्रफिती यांवर भर दिला. त्यातून शब्दसंग्रह चांगला वाढला, ऐकलेले बरेचसे समजू लागले. परंतु स्वतः वाक्य रचायला घेतले की शब्दांचा क्रम चुकतो आणि तो का चुकला हे सांगता येत नाही. चार महिन्यांनी बी-१, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा आहे. अशा वेळी ही पद्धत सोडून सरळ नियम पाठ करावेत का, असा आपला प्रश्न आहे.

पद्धत सोडू नये, असे मी सांगेन. मात्र ती अजून सुरूच झालेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. पुष्कळ वाचणे आणि ऐकणे आवश्यकच आहे, पण शोध हे त्याहून वेगळे काम आहे. त्यासाठी नीट निवडलेला पुरावा लागतो, त्यावरून बांधलेले आणि लिहून ठेवलेले अनुमान लागते, आणि ते अनुमान खोटे पाडू शकेल असे एखादे वाक्य समोर यावे लागते. मी जर्मन शिकवते आणि नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही सहभागी असते. या तीन गोष्टींपैकी तिसरी गोष्ट सर्वांत आधी गळून पडते, असे मला वारंवार दिसते.

उदाहरणांकडून नियमाकडे जाणारी उद्गामी पद्धती आणि नियमाकडून उदाहरणांकडे येणारी अवगामी पद्धती हा भेद शिक्षणशास्त्रात जुनाच आहे. विद्यार्थ्याने ज्ञान स्वतः शोधावे या विचाराला मोठी चालना मिळाली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या १९६१ मधील लेखामुळे. मात्र शोध लागतो तो पूर्वतयारी असलेल्या मनाला, असेही त्यांनी त्याच लेखात म्हटले होते, आणि पुढच्या उत्साहात नेमका तेवढा भाग मागे पडला. भाषाशिक्षणात केलेब गॅटेन्यो यांनी १९६३ मध्ये मांडलेली मौन पद्धती या दृष्टीने फार बोलकी आहे. तिच्यात शिक्षक जवळजवळ गप्प असतो; रंगीत कांड्या मांडून तो प्रसंग उभा करतो आणि वाक्य विद्यार्थ्याला करू देतो. वरवर पाहणाऱ्याला वाटते की येथे कोणी शिकवतच नाही. प्रत्यक्षात कोणती कांडी आधी उचलायची, एकवचनाशेजारी अनेकवचन केव्हा आणायचे, एका वेळी एकच गोष्ट कशी बदलायची, याचा सारा विचार शिक्षकाने वर्गाबाहेर केलेला असतो. आपल्या सहा महिन्यांत हे काम कोणीच केलेले नव्हते. गोष्टी आणि चित्रफिती अर्थ पोहोचवण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यातील व्याकरणाचा पुरावा विखुरलेला असतो.

शिवाय अर्थ समजला की मन तिथेच थांबते. परकीय भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक बिल व्हॅनपॅटन यांनी याचे नेमके विश्लेषण केले आहे: शिकणारा आधी अर्थपूर्ण शब्द पकडतो, आणि तोच अर्थ एखाद्या शब्दातून मिळत असेल तर प्रत्ययाकडे त्याचे लक्ष जात नाही. 'गेस्टर्न श्पील्टं आना टेनिस' म्हणजे 'काल आना टेनिस खेळली'. (येथे आणि पुढे शब्दान्ती आलेला अनुस्वार 'केलं'मधल्यासारखा वाचावा.) वर्तमानकाळी 'श्पील्ट' आणि भूतकाळी 'श्पील्टं' यांत फरक केवळ शेवटच्या निसटत्या स्वराचा आहे, आणि 'गेस्टर्न' म्हणजे 'काल' हा शब्द ऐकू आल्यावर तो स्वर ऐकण्याची गरजच उरत नाही. असे वाक्य शंभरदा ऐकले तरी भूतकाळाचा प्रत्यय हाती लागत नाही. तोच 'गेस्टर्न' काढून टाकावा, 'आना श्पील्ट टेनिस' आणि 'आना श्पील्टं टेनिस' ही दोन वाक्ये एकामागून एक ऐकवावीत आणि कोणते आजचे, कोणते पूर्वीचे, एवढेच विचारावे. कान त्या स्वरावर खिळतो. पुरावा निवडणे म्हणजे काय, ते यावरून स्पष्ट व्हावे. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकताना रोजनिशी ठेवली होती आणि आपली संभाषणेही ध्वनिमुद्रित केली होती. इतरांच्या बोलण्यात जे त्यांच्या जाणीवपूर्वक लक्षात आले होते, तेच त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात उतरले, असे त्यांना आढळले. नुसते कानावर पडून गेलेले उतरले नाही. त्यातूनच पुढे १९९० मध्ये त्यांनी लक्ष जाण्यासंबंधीचा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला.

आता आपल्या मूळ अडचणीकडे, म्हणजे शब्दक्रमाकडे येऊ. पुढील चार वाक्ये पाहावीत. 'इश श्पीलं हॉयटं फुसबाल' म्हणजे मी आज फुटबॉल खेळतो. 'हॉयटं श्पीलं इश फुसबाल' म्हणजे आज मी फुटबॉल खेळतो. 'आना श्पील्ट मोर्गन टेनिस' म्हणजे आना उद्या टेनिस खेळते. 'मोर्गन श्पील्ट आना टेनिस' म्हणजे उद्या आना टेनिस खेळते. क्रियापद कोठे येते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी मिनिटभरात सांगतात की ते दुसरा शब्द म्हणून येते. अनेक शिक्षक येथे समाधानाने थांबतात, कारण नियम सापडल्यासारखा वाटतो. पण हे अनुमान चूक आहे, आणि छोट्या वाक्यांत ते बहुधा खरे ठरत असल्यामुळे अधिकच घातक आहे. म्हणून पाचवे वाक्य द्यायचे: 'आम मोन्टाग श्पील्ट आना टेनिस', सोमवारी आना टेनिस खेळते. क्रियापद तिसऱ्या शब्दावर गेले. लगेच सहावे: 'माइनं क्लाइनं श्वेस्टर श्पील्ट टेनिस', माझी धाकटी बहीण टेनिस खेळते. आता ते चौथ्या शब्दावर आले. वर्गात या क्षणी जी शांतता पसरते तिच्यात घाईघाईने उत्तर देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते की 'आम मोन्टाग' मिळून एकच गोष्ट आहे, 'माइनं क्लाइनं श्वेस्टर' हीसुद्धा एकच गोष्ट आहे, म्हणजे शब्द मोजायचे नसून जागा मोजायच्या आहेत. पहिल्या जागेवर काहीही असो, एक शब्द असो वा चार, क्रियापद दुसऱ्या जागेवरच येणार.

यानंतर 'वाइल', म्हणजे 'कारण', आणायचा. 'इश कोमं निश्ट, वाइल इश हॉयटं फुसबाल श्पीलं': मी येत नाही, कारण मी आज फुटबॉल खेळतो. पूर्वार्धात 'कोमं' दुसऱ्या जागेवर आहे, पण 'वाइल'नंतर क्रियापद थेट शेवटी गेले आहे. मराठी माणसाला या क्रमाची भीती वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या वाक्यात क्रियापद एरवीही शेवटीच येते. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे आल्यामुळे हा आपलेपणा आपण हरवून बसतो. मग विचारायचे की 'वाइल'चा भाग उचलून आधी ठेवला तर काय होईल? ज्यांनी जागा मोजण्याचा नियम स्वतः शोधला आहे, ते न ऐकलेले वाक्य बरोबर सांगू शकतात: 'वाइल इश हॉयटं फुसबाल श्पीलं, कोमं इश निश्ट'. 'वाइल'पासून सुरू झालेले अख्खे उपवाक्य ही एकच जागा, ती पहिली; म्हणून लगेच पुढे क्रियापद. दोन क्रियापदे शेजारी शेजारी आली आहेत, आणि हे विचित्र दिसणारे वाक्य विद्यार्थ्याला स्वाभाविक वाटते. ज्यांनी 'गौण वाक्य आधी आल्यास कर्ता व क्रियापद यांचा क्रम उलटतो' असा स्वतंत्र नियम पाठ केलेला असतो, त्यांना तो बोलताना क्वचितच वेळेवर आठवतो. शोधलेल्या नियमाचा मला जाणवलेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे: तो पुढच्या, न पाहिलेल्या वाक्यासाठी उपयोगी पडतो.

अनुमान मोडण्याला मी इतके महत्त्व देते त्यामागे संशोधनाचाही थोडा आधार आहे. मायकेल टोमासेलो आणि कॅरल हेरन यांनी १९८८ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही अपवाद विद्यार्थ्यांना सरळ सांगण्यात आले; इतर अपवादांच्या बाबतीत विद्यार्थ्यांना आधी नियम ताणून चूक करू दिली आणि ती तत्काळ दुरुस्त केली. चूक होऊन दुरुस्त झालेले अपवाद अधिक चांगले लक्षात राहिले. प्रयोगाच्या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु चूक आणि दुरुस्ती यांच्यात वेळ जाऊ न देणे हा त्यातला भाग वर्गातील अनुभवाशी पूर्णपणे जुळतो. आपल्या बाबतीत चूक होत होती, पण दुरुस्ती कधीच येत नव्हती.

ज्या शोधात कोणाचेही मार्गदर्शन नसते, त्याच्याविरुद्धचा पुरावा मात्र भक्कम आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये अशा शिक्षणावर कठोर टीका केली. नवशिक्याची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची क्षमता, मर्यादित असते आणि शोधाशोधीतच ती खर्ची पडते, असा त्यांचा मुद्दा होता. लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निरनिराळ्या विषयांतील १६४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मदतीविना शोधणारे विद्यार्थी स्पष्टपणे मागे पडलेले दिसले, तर निवडक उदाहरणे, प्रतिसाद आणि स्पष्टीकरणाची मागणी यांची जोड असलेला शोध इतर अध्यापनापेक्षा सरस ठरला. परकीय भाषेपुरते पाहिले तर नॉरिस आणि ऑर्टेगा यांच्या २००० मधील आढाव्यात नियमाकडे स्पष्टपणे लक्ष वेधणारे अध्यापन अधिक परिणामकारक आढळले. तेव्हा 'लहान मुलासारखे शिकणे' हा आदर्श प्रौढाने सोडून द्यावा. मुलाकडे जागेपणीचे हजारो तास असतात आणि त्याच्याशी दिवसभर बोलणारी माणसे असतात. आपल्याकडे ते नाही, पण तुलना करण्याची, टिपण ठेवण्याची आणि मुद्दाम शंका घेण्याची क्षमता आहे, जी मुलाकडे नसते.

सगळेच शोधण्यासारखे नसते, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी का आणि दिवा स्त्रीलिंगी का, याचा शोध घेण्यात एक मिनिटही घालवू नये. नामासोबत त्याचे 'डेअर', 'दी' किंवा 'दास' हे लिंगदर्शक उपपद पाठ करावे. 'मिट', 'बाय', 'फोन', 'त्सू' यांसारख्या ज्या शब्दयोगी अव्ययांना नेहमी एकच विभक्ती लागते, त्यांची यादीही सरळ तोंडपाठ करावी. त्यातही जिथे आकृतिबंध आहे तिथे शोध झटकन फळ देतो: 'दी त्साइटुंग', 'दी वोनुंग', 'दी युबुंग' (वर्तमानपत्र, घर, सराव) ही तीन नामे शेजारी मांडली की 'उंग'ने संपणारी अशी नामे स्त्रीलिंगी असतात हे विद्यार्थी स्वतःच सांगतात, आणि 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, हे कोडे 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय दुसऱ्या दोन-तीन शब्दांत दिसला की सुटते. अमुक गोष्ट कधीच म्हटली जात नाही, हे मात्र केवळ उदाहरणांवरून शोधता येत नाही, कारण जे नाही ते उदाहरणांत दिसत नाही. ते कोणीतरी सांगावेच लागते.

याच्या उलट काही गोष्टी सांगून समजत नाहीत. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे आहेत. 'कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार' असा सुटसुटीत नियम सर्रास शिकवला जातो. पण मेलेल्या माणसाबद्दल स्पॅनिश भाषक 'एस्ता म्वेर्तो' म्हणतो, म्हणजे 'एस्तार' वापरतो, आणि मृत्यूहून कायमचे दुसरे काय असणार? एखादी वस्तू कोठे आहे हे 'एस्तार'ने सांगतात, पण समारंभ कोठे आहे हे 'सेर'ने. अशा ठिकाणी वहीची दोन पाने राखून ठेवावीत, वाचनात येणारी वाक्ये महिनोन्महिने नोंदवत जावीत आणि अनुमान हळूहळू बदलू द्यावे.

थोडी प्रगती झाली की या नोंदींना भाषासंग्रहांची, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या मोठ्या संग्रहांची, जोड देता येते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील टिम जॉन्स यांनी १९९० च्या सुमारास विद्यार्थ्यांपुढे नियमाऐवजी प्रत्यक्ष वापरातील ओळींचे छापील कागद ठेवायला सुरुवात केली. शोधायचा शब्द प्रत्येक ओळीच्या मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे शेजारी. इंग्रजीसाठी १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे. जर्मनसाठी बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डी.डब्ल्यू.डी.एस. हा कोश विनामूल्य पाहता येतो आणि त्यात वापरातील वाक्येही मिळतात. 'झाइट' (पासून) आणि 'फोर' (पूर्वी) हे दोन शब्द कालावधीच्या संदर्भात शोधून प्रत्येकी दहा ओळी उतरवून घ्याव्यात आणि केवळ क्रियापदांवर रेघ ओढावी. 'झाइट द्राय यारन' (तीन वर्षांपासून) सोबत बहुधा वर्तमानकाळ दिसेल, 'फोर द्राय यारन' (तीन वर्षांपूर्वी) सोबत भूतकाळ. 'मी तीन वर्षांपासून येथे राहतो' असे आपण मराठीत म्हणतोच; जर्मनमध्येही तसेच आहे. सुरुवातीच्या पातळीवर मात्र भाषासंग्रहाच्या वाटेला जाऊ नये. सहज समजण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे पॉल नेशन यांच्या संशोधनावरून मानले जाते, म्हणजे ५० शब्दांत एखादाच अनोळखी. वृत्तपत्रातील ओळी नवशिक्याला तेवढ्या सोप्या नसतात, आणि अर्थ लावण्यातच दमलेले मन रचनेकडे पाहू शकत नाही.

संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालीचा उपयोग आपण करत असाल तर तिला नियम विचारू नये. आपले अनुमान तिला सांगावे आणि ते खोटे पाडतील अशी साध्या शब्दांतील वाक्ये मागावीत; मिळालेली वाक्ये कोशात किंवा चांगल्या व्याकरणात पडताळून घ्यावीत, कारण अशी प्रणाली चुकीची गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगते.

आता आपली परीक्षा. चार महिन्यांत सगळे शोधत बसणे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. नामांची लिंगे, अनियमित क्रियापदांची रूपे आणि एकच विभक्ती घेणारी शब्दयोगी अव्यये रोज थोडी थोडी पाठ करावीत. शब्दक्रम, काळ आणि दोन विभक्ती घेणारी शब्दयोगी अव्यये एवढ्या तीनच गोष्टी शोधासाठी राखाव्यात. एका बैठकीत एकच मुद्दा घ्यावा. आधी वाचून पूर्ण समजलेल्या मजकुरातून सहा ते आठ वाक्ये निवडून उतरवावीत, अनुमान स्वतःच्या मराठीत लिहावे, आणि त्याखालीच 'कसले वाक्य सापडले तर हे खोटे ठरेल?' याचे उत्तर लिहावे. मग तसे वाक्य शोधावे. वीस मिनिटांत निष्कर्ष निघाला नाही तरी थांबावे आणि त्याच बैठकीत व्याकरणातील ते प्रकरण वाचावे. अनुमान बांधून ताटकळलेल्या मनाला तेच पान फार वेगळे वाटते. चुकीचे अनुमान दुसऱ्या दिवसापर्यंत वहीत तसेच ठेवू नये. शेवटी स्वतःची पाच वाक्ये लिहून ती भाषा जाणणाऱ्या कोणाकडून तपासून घ्यावीत. शक्य असेल तर एखादा सोबती पाहावा, कारण अनुमान दुसऱ्याला पटवून द्यायचे असते तेव्हा त्यातील फट आपल्यालाच आधी दिसते.

पहिल्या बैठकीसाठी वाक्ये मीच देते. 'इश गेहं इन दी क्युशं', मी स्वयंपाकघरात जातो. 'इश कोखं इन डेअर क्युशं', मी स्वयंपाकघरात स्वयंपाक करतो. 'दी कात्सं स्प्रिंग्ट आउफ डेन टिश', मांजर टेबलावर उडी मारते. 'दी कात्सं श्लेफ्ट आउफ डेम टिश', मांजर टेबलावर झोपते. येथवर आल्यावर अनुमान लिहावे. ते बहुधा 'हालचाल असेल तर एक रूप, नसेल तर दुसरे' असे काहीसे असेल. त्यानंतरच पुढची दोन वाक्ये वाचावीत. 'डेअर हुंड लाउफ्ट इन डेन गार्टन' आणि 'डेअर हुंड लाउफ्ट इम गार्टन'. 'इम' हे 'इन डेम'चे संक्षिप्त रूप आहे. दोन्हींत कुत्रा पळतोच आहे, क्रियापदही तेच आहे, आणि मराठीत आपण दोन्ही ठिकाणी 'बागेत'च म्हणू. पहिल्या वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कुत्रा कोठे होता, आणि दुसऱ्या वाक्यात कोठे होता, याचे चित्र कागदावर काढावे, अनुमान दुरुस्त करावे आणि मग व्याकरणातील द्विविभक्तीय शब्दयोगी अव्ययांचे प्रकरण उघडावे.